काई कुत्रा पाळताय? या चुका टाळा

काई या जपानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिली तक्रार रंगाची. ‘पट्टेरी म्हणून आणलं, हे तर काळंकुट्ट!’ कुणी फसवलेलं नसतं. या जातीची पिल्लं बहुतेक काळपटच जन्मतात. पट्टे हळूहळू उमटतात, पुरते खुलायला काही वर्षंही जातात. जपानी लोक तीन छटा मानतात: लालसर ती आका-तोरा, काळपट ती कुरो-तोरा आणि मधली चू-तोरा. ‘तोरा’ म्हणजे वाघ. (मराठीतला तोराही अंगात भरपूर असतो, तो भाग वेगळा.) दोन महिन्यांच्या पिल्लाची छटा छातीठोकपणे सांगून वर जास्त पैसे मागणाऱ्यापासून मात्र सावध.

दुसरी घाई कानांची. साधारण तीन ते पाच महिन्यांत कान उभे राहतात. मधेच दात बदलू लागले की एक कान ताठ, दुसरा लोंबता असं ध्यान दिसतं. लगेच कॅल्शियमची बाटली आणू नका. पिल्लांच्या चांगल्या तयार खाण्यात कॅल्शियम पुरेसं असतं. वरून जास्तीचं दिलं तर वाढत्या हाडांनाच अपाय होतो. सहा महिन्यांनंतरही कान पडलेलेच असतील तर डॉक्टरांना दाखवा.

‘शिकारी जात आहे, पळवा’ हाही सल्ला अर्धवटच. जुना काई प्रांत म्हणजे आजचं यामानाशी. तिथल्या डोंगरांत हा कुत्रा रानडुक्कर, हरीण आणि कामोशिका नावाच्या बकरीसारख्या प्राण्यामागे चढायचा. 1934 मध्ये जपानने या जातीला ‘नैसर्गिक स्मारक’ म्हणून संरक्षण दिलं. पण डोंगर चढायचा तो दम मोठ्या कुत्र्याचा. पिल्लाची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर सायकलमागे पळवणं, उंचावरून उड्या मारायला लावणं नको. मातीत, गवतात हवं तेवढं हुंदडू दे, दमलं की बसू दे. लंगडणं दिवसभरात थांबलं नाही तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

सगळीकडे घाई करणारे लोक नेमके एका बाबतीत उशीर करतात. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरातच कोंडतात. अनोळखी माणसं, आवाज, वाहनं यांची सवय लागण्याचा काळ साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतो, आणि काई तसाही घरच्यांपुरता जीव लावणारा. डॉक्टरांना विचारून कडेवर घेऊन बाहेर न्या. जमिनीवर ठेवू नका, एवढंच.

केस? उन्हाळ्यात मशीन फिरवू नका. खालची मऊ लव वर्षातून दोनदा पुंजक्यांनी झडते, तेव्हा रोज ब्रश करा. फिरायला पहाटे न्या. हार्टवर्मची (हृदयातल्या जंतांवरची) गोळी आणि गोचिडांचं औषध डॉक्टर सांगतील तसं. जपानमध्ये 91 दिवसांवरच्या कुत्र्याची नोंदणी आणि रेबीजची लस कायद्यानेच सक्तीची आहे.

आणि पट्टा. मांजर दिसलं की काई पुढे झेपावेल म्हणून आपण दोरी घट्ट धरतो. तो उलट मागे सरकतो, मान खाली घालतो, आणि गळपट्टा आपल्या हातात लोंबत राहतो. पट्ट्याखाली दोनच बोटं जातील इतका तो आवळा, सोबत हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घाला, दोन्हींना वेगळी दोरी. ‘माझा हाक मारली की येतो’ म्हणणाऱ्यांनीसुद्धा.