केबल बदलण्याआधी: टीव्ही आणि स्पीकर जोडताना या चुका टाळा

टीव्हीचं चित्र पुसट वाटलं किंवा डायलॉग कळेनासे झाले की पहिला सल्ला मिळतो, "केबल बदला." मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन मीटरची एचडीएमआय केबल काही शे रुपयांतही मिळते आणि काही हजारांतही. केबलमुळे फरक पडतो, पण ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक लक्षणांसह. लक्षण न ओळखता पैसे घातले तर दोष जागच्या जागी राहतो.

पुसट चित्राचं खापर एचडीएमआयवर फोडणं

एचडीएमआयमधून जातो तो डिजिटल सिग्नल. केबल कमी पडली की पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र सेकंद-दोन सेकंद काळं होऊन परत येतं, आवाज तुटतो, नाहीतर ‘नो सिग्नल’ येतं. रंग फिके किंवा कडा मऊ दिसत असतील तर कारण दुसरीकडे शोधा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर बॉक्स आणि टीव्हीची आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची मर्यादा) जुळत नसते. दोन्हीकडे ‘ऑटो’ किंवा दोन्हीकडे ‘लिमिटेड’ ठेवा. चॅनेलचा लोगो कडेला कापला जात असेल तर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ चालू करा. ‘व्हिव्हिड’ मोड सोडून ‘सिनेमा’ घ्या. आणि ४के एचडीआर (जास्त बारकावे आणि उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) येतच नसेल तर त्या पोर्टचा ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ पर्याय बंद असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच टीव्हींमध्ये तो प्रत्येक पोर्टला वेगळा चालू करावा लागतो.

एसडी चॅनेलला तर कोणतीच केबल वाचवू शकत नाही. त्यात ५७६ ओळी असतात आणि ४के पडद्यावर २१६०. मधलं सगळं टीव्ही अंदाजाने भरतो.

लांब केबल भिंतीत बुजवून टाकणं

इथे मात्र केबल खरोखर महत्त्वाची. ४के, ६० फ्रेम आणि एचडीआरला सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत क्षमता लागते. त्यासाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ची स्कॅन करता येणारी खूण असलेली केबल घ्या. १२० फ्रेमच्या गेमिंगला ‘अल्ट्रा हाय स्पीड’, म्हणजे ४८ गिगाबिटची. टीव्हीखालच्या दोन मीटरला याहून महाग काही लागत नाही. पाच मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा धरू नका. प्रोजेक्टरसाठी फॉल्स सीलिंगमधून दहा-बारा मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. उलटी टाकली की चित्र येत नाही, आणि हे कळतं पीओपी झाल्यावर. म्हणून सीलिंग बंद करण्याआधी पूर्ण ४के एचडीआरवर अर्धा तास चालवून बघा. एचडीएमआयचा प्लग साधारण दोन सेंटीमीटर रुंद असतो, वायरिंगच्या नेहमीच्या २० मिमी पाइपातून तो जात नाही. ४० मिमीचा पाइप टाकून घ्या आणि आत ओढायची तार सोडून ठेवा.

स्पीकरला बारीक वायर

१.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१२ ओहम. दहा मीटर जाऊन परत येईपर्यंत ०.२४ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरला हे चालून जातं. ४ ओहमचा स्पीकर किंवा अंतर जास्त असेल तर २.५ स्क्वेअर एमएम घ्या. खरा धोका आहे तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमचा. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि तार वाकवली की लवकर तुटते. एक तार ब्लेडने खरवडा: वर तांबूस आणि आत चंदेरी दिसली तर ती वायर घेऊ नका.

दोन्ही स्पीकर चालू असून बास गायब आणि आवाज मधोमध एकवटत नसेल, तर एकाचे प्लस-मायनस उलटे आहेत. अॅम्प (अॅम्प्लिफायर) बंद करून अॅम्पकडची टोकं सोडवा आणि त्यांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर वूफरचा (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) पडदा बाहेर येतो. आत गेला तर वायर उलटी आहे.

घूं-घूं आवाज म्हणजे खराब केबल, असं समजणं

एकसारखा घुमणारा आवाज बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तो ५० किंवा १०० हर्ट्झला ऐकू येतो. गच्चीवरून येणाऱ्या डिश किंवा केबलच्या वायरचं बाहेरचं आवरण एका ठिकाणी अर्थ झालेलं असतं, अॅम्प घरच्या सॉकेटमधून दुसरीकडे, आणि दोघांमधून थोडा करंट फिरत राहतो. सेट टॉप बॉक्समागची गोल वायर काढून बघा. आवाज थांबला तर कारण सापडलं. केबल टीव्हीला कोअॅक्सिअल आयसोलेटर, म्हणजे त्या गोल वायरमधला अर्थचा जोड तोडणारा छोटा तुकडा, लावता येतो. डिशला तो जपून लावा, कारण त्याच वायरमधून गच्चीवरच्या एलएनबीला (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि साधा आयसोलेटर ते अडवतो. तिथे आवाज ऑप्टिकल केबलने अॅम्पकडे न्या. त्यातून फक्त प्रकाश जातो. प्लगची अर्थची पिन काढून आवाज घालवण्याचा सल्ला कधीही मानू नका. आतली वायर सुटून धातूच्या डब्याला लागली तर जीव वाचवणारी तीच पिन आहे. जुन्या चाळीत सॉकेटला अर्थच नसतो आणि डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तिथे आधी वायरमनला बोलवा.

खारी हवा विसरणं

सोन्याच्या मुलाम्याने चित्र सुधारत नाही, पण तो गंजत नाही, आणि वरळी-वर्सोव्यासारख्या समुद्राजवळच्या घरात याला किंमत आहे. स्पीकर वायरची उघडी टोकं हिरवी पडतात, मग आवाज खरखरतो. पावसाळा संपला की एक सेंटीमीटर कापून ताजं तांबं काढा आणि टर्मिनल आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा.

खोली तशीच ठेवून केबलवर खर्च

दहा फुटी हॉल, गुळगुळीत लादी, कोऱ्या भिंती. टाळी वाजवा, मागून झणझणणारी शेपूट (प्रतिध्वनी) ऐकू आली तर डायलॉग त्यातच विरतात. जाड पडदा आणि समोर सतरंजी घातली तर कोणत्याही केबलपेक्षा जास्त फरक कळतो. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६-५७ हर्ट्झच्या आसपासचा बास फुगतो, आणि सबवूफर कोपऱ्यात असेल तर अजूनच. तो कोपऱ्यातून फूटभर पुढे ओढा, बसायच्या जागेवरून ऐका, मग आणखी सरकवा. खालच्या मजल्याकडे जाणारी थरथर कमी करायला त्याखाली जाड रबराचे पाय लावा.