कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे परत मागताना या चुका टाळा

कर्जमंजुरीच्या पत्रात ३१ लाखांचा आकडा असतो, घर विकणाऱ्याला मात्र ३० लाखच मिळतात, आणि मधले १ लाख रुपये कर्जाच्या विम्याचा (कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उरलेले कर्ज फेडणाऱ्या विम्याचा) एकरकमी हप्ता म्हणून परस्पर विमा कंपनीकडे गेल्याचे कर्जदाराला पुष्कळदा कर्जखात्याचा उतारा काढल्यावरच कळते. ९ टक्के व्याजाने २० वर्षांत हे १ लाख फेडायचे म्हटले, तर महिन्याला सुमारे ९०० रुपये, म्हणजे एकूण जवळपास २ लाख १६ हजार रुपये जातात. ‘हा विमा घेतल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नाही’ असे सांगून तो विकला गेला असेल, तर ती गैरविक्री आहे. अमुकच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. हे पैसे मागण्याची वाट विनाशुल्क आहे आणि ती सामान्य माणसाने स्वतः चालावी अशाच रीतीने आखलेली आहे. तरीही अनेकांचे दावे फसतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कायद्याचे अज्ञान नसून उशीर आणि मोघमपणा हे असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फ्री लूकचा कालावधी हातचा घालवणे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत, ती पसंत नाही एवढ्याच कारणावरून, परत करता येते; तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन बाकीची रक्कम मिळते. कर्जाचा विमा बहुधा समूह पॉलिसीचा, म्हणजे अनेक कर्जदारांसाठी मिळून काढलेल्या एकाच पॉलिसीचा असतो, त्यामुळे कर्जदाराला पॉलिसी न मिळता विम्याचे प्रमाणपत्र मिळते. त्यावर हा कालावधी कसा नमूद केला आहे ते वाचावे आणि ते ज्या ईमेलने किंवा कुरिअरने आले त्याची तारीख जपून ठेवावी. प्रमाणपत्र मिळालेच नसेल, तर तसे लेखी कळवून ते मागावे.

दुसरी चूक तक्रार तोंडी करण्याची. शाखेतील अधिकारी ‘मी बघतो’ म्हणतात, चार महिन्यांनी त्यांची बदली होते, आणि आपल्या हाती एक कागदही उरत नाही. तक्रार ईमेलनेच करावी, बँकेला आणि विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला वेगवेगळी पाठवावी आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. मजकुरात ‘माझी फसवणूक झाली’ एवढेच लिहिले, तर ‘आपण अर्जावर सही केलेली आहे’ असे एका ओळीचे उत्तर येते. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक तारखेला कर्जाच्या कागदांवर सह्या घेताना, विम्याशिवाय कर्ज मिळणार नाही असे मला सांगण्यात आले, विम्याच्या अर्जातील माझे उत्पन्न आणि आरोग्याची उत्तरे मी भरलेली नाहीत, विमा कंपनीकडून आलेल्या पडताळणीच्या फोनचे ध्वनिमुद्रण आणि सही केलेल्या अर्जाची प्रत मला द्यावी.’ अर्थात यातील जे आपल्या बाबतीत खरोखर घडले तेवढेच लिहावे. ध्वनिमुद्रणाची मागणी मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ‘फोन आला की सगळ्याला हो म्हणा’ असे आधीच बजावलेले असते आणि प्रत्यक्ष संभाषणात विम्याची मुदत, हप्ता, सक्ती नसल्याची सूचना यांपैकी काय सांगितले गेले, हे त्यातूनच दिसते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या गृहकर्जासारख्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँकेने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे आणि बँकेमार्फत वसूल होणारा विम्याचा खर्चही त्यात दाखवावा लागतो. तिथे हा हप्ता नसेल, तर तो मुद्दा तक्रारीत अवश्य मांडावा.

घाईघाईने थेट विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाणे हीही चूकच. विमा कंपनीने तक्रार फेटाळली, महिनाभर उत्तरच दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर त्यानंतर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत आहेत. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांवर ते निवाडा देतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नाही. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज करू नये. विमा नियामकाचे बिमा भरोसा पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांक तक्रार नोंदवण्यासाठी आहेत. सक्ती बँकेने केली असेल, तर बँकेला ३० दिवस देऊन मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जावे.

आता पैसे परत मिळवून देणाऱ्या कंपन्यांविषयी. नोंदणी शुल्क आणि मिळालेल्या रकमेचा काही हिस्सा, वर जीएसटी, अशी त्यांची आकारणी असते आणि त्या बदल्यात त्या जे ईमेल व पोर्टलवरचे अर्ज करतात, ते वर सांगितलेलेच असतात. विमा लोकपालांच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे तक्रार स्वतः पॉलिसीधारकाने किंवा त्याच्या वारसाने, नामनिर्देशित व्यक्तीने अथवा हक्क हस्तांतरित झालेल्याने करायची असते. वकील किंवा मध्यस्थ तिथे उभा राहू शकत नाही. म्हणजे पैसे देऊनही सुनावणीला आपणच जायचे आहे. ब्रिटनमध्ये कर्जासोबत गैरमार्गाने विकलेल्या विम्याचे ३८ अब्ज पौंडांहून अधिक पैसे ग्राहकांना परत मिळाले. तिथेही तक्रार विनाशुल्क करता येत होती, तरी लाखो लोक दावा कंपन्यांकडे गेले आणि अखेर २०१८ मध्ये त्यांच्या शुल्कावर २० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. वृद्ध आईवडिलांची कागदपत्रे विस्कळीत असतील आणि जवळ कोणी नसेल, तर कागद जुळवण्यापुरती मदत घेणे मी समजू शकतो; पण आगाऊ रक्कम, ओटीपी, नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा कोरे कागद सह्या करून कोणालाही देऊ नयेत. ‘विमा नियामकाकडून बोलतोय, तुमचा परतावा मंजूर झाला आहे’ असा फोन आला, तर तो सरळ बंद करावा. नियामक असे फोन करत नाही.

रागाच्या भरात कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. सिबिल बिघडते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. घर एकाच्या कमाईवर चालत असेल, तर स्वतंत्र मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) सुरू झाल्यावरच हा विमा रद्द करावा.

कर्ज मुदतीआधी फेडले किंवा दुसऱ्या बँकेकडे नेले, तर उरलेल्या काळाचा परतावा किंवा सरेंडर मूल्य (विमा मुदतीआधी बंद केल्यावर मिळणारी रक्कम) प्रमाणपत्रातील अटींप्रमाणे मागता येते, पण त्यासाठी लेखी अर्ज करावा लागतो. गैरविक्री मान्य होऊन रक्कम परत आली, तर ती बहुधा कर्जखात्यातच जमा होते. त्यानंतर बँकेकडून नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून मुद्दल तेवढ्याने घटले का, आणि हप्ता कमी झाला की मुदत, हे तपासावे. विम्याच्या त्या हप्त्यावर आजवर आकारलेल्या व्याजाची मागणी पहिल्या तक्रारीतच केलेली असावी, आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या पावतीवर हा हिशेब लागेपर्यंत सही करू नये.