ग्लूटेन बंद करताय? लिव्हर आणि आतड्याच्या पेशंटच्या घरी होणाऱ्या या चुका टाळा

माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे आणि त्याच्या जोडीला पीएससी, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि लिव्हरच्या पित्तनळ्या सुजून आकसत जाणं. पीएससी असलेल्या बहुतेकांना आतड्याचा आजार असतोच. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो, निदान झालं आणि आठवड्याभरात सगळ्या नातेवाईकांचं एकच सुरू, गहू बंद करा, गहू बंद करा. आईने केला बंद. पहिली चूक तीच.

टेस्टच्या आधी पोळी बंद करू नका. ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं एक प्रोटीन, खरंच सोडावं लागतं ते सिलिॲक असेल तर, म्हणजे ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार, आणि ऑटोइम्युन लिव्हरवाल्यांमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते त्यांच्यात, सिलिॲक इतरांपेक्षा जास्त सापडतो म्हणून तपासायला हवंच, पण ती टीटीजी आयजीए नावाची रक्ताची टेस्ट गहू चालू असतानाच करायची असते, बंद केल्यावर आकडा उतरतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आमचं हेच झालं. डॉक्टरांनी विचारलं गहू खातोस का रे, तो म्हणाला तीन महिने नाही, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले दीड महिना रोज दोन पोळ्या खा आणि मग ये. तो दीड महिना आई पोळी वाढायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची, पोट टम्म फुगायचं त्याचं. सोबत टोटल आयजीए, म्हणजे त्या जातीच्या अँटीबॉडीचं रक्तातलं एकूण प्रमाण, ते पण करा, ते मुळातच कमी असेल तर टीटीजी फसवते. आणि उलटंही होतं, लिव्हरच्या जुन्या आजारात टीटीजी थोडी खोटी वाढलेली दिसू शकते, म्हणून दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा काढून बायोप्सी करतात. ज्यांनी आधीच गहू सोडलाय आणि परत खाणं सहन होत नाही त्यांनी डॉक्टरांना एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ बद्दल विचारा, ती जीनची टेस्ट आहे, खाण्याने बदलत नाही, दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच.

भावाला सिलिॲक निघाला. मग आम्हाला वाटलं आता पोळी सुटली की लिव्हरही सुधारेल. तसं नसतं. सिलिॲकमुळे एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलं असेल तर पथ्याने साधारण सहा महिने ते वर्षात खाली येतं, पण पीएससीच्या आकसलेल्या नळ्या भाकरीने मोकळ्या होत नाहीत, कोलायटिसच्या गोळ्याही सुटत नाहीत आणि दोन्ही आजार असलेल्यांची कोलोनोस्कोपी साधारण दरवर्षी लागतेच. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, शौचातून रक्त, यातलं काही दिसलं तर काल चुकून काहीतरी खाल्लं असेल म्हणत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आता गिरणी. ही चूक घरोघरी होते कारण दिसतच नाही. ज्वारी निवडली, डबा भरला, खालच्या गिरणीत दिला, गिरणीवाल्या काकांनी आधीच्या माणसाचे गहू उतरवले आणि त्याच जात्यात आपली ज्वारी ओतली, म्हणजे सुरुवातीच्या पिठात गहू आलाच ना. मी एकदा उभी राहून बघितलं, पहिली धार सरळ पिवळसर दिसत होती. आम्ही शेवटी घरघंटी घेतली आणि त्यात गहू कधीच घातला नाही. ते जमत नसेल तर ग्लूटेन-फ्री छापलेलं पीठ घ्या, एफएसएसएआयच्या नियमाने त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

पोळीभाजी केंद्रातली ज्वारीची भाकरी पण नकोच, पोळ्या लाटतात त्याच पोळपाटावर थापतात, वरून कधी गव्हाचंच पीठ लावतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मिसळीच्या फरसाणात मैदा असू शकतो, सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. एवढ्याशा प्रसादाने काय होतंय गं, असं मावशी दरवर्षी म्हणते आणि मनापासून म्हणते, पण सिलिॲकवाल्याला एवढासा पण चालत नाही हो. उकडीचे मोदक मात्र खुशाल खाऊ दे, तांदळाचे आहेत, फक्त ती पिठी कुठे दळली ते विचारा.

दुसरीकडे वजन. गहू गेला की अर्धं ताट जातं आणि घरातले लोक वर दूध बंद, डाळ बंद, तेल बंद करत सुटतात, भावाचं वजन असंच उतरलं होतं. लिव्हरच्या पेशंटला प्रोटीन हवं असतं, उगाच तोडू नका. सिरोसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर कायमचं कडक होण्यापर्यंत गेलं असेल तर एकादशीचे लांब उपास नकोत, उलट रात्री झोपताना काहीतरी खायला सांगतात. आतडं पेटलेलं असताना जाड बाजरीची भाकरी सोसत नाही, तेव्हा मऊ भात, तांदळाची पेज, घावन. पित्त नीट उतरत नसलं की ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन कमी पडतात, तेही तपासून घ्या.

आणि गुळवेलीचा काढा देऊ नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनीच गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवलेत.

सगळं पाळूनही टीटीजी उतरत नसेल तर स्वयंपाकघर परत एकदा पहिल्यापासून शोधा. आमचा आकडा सहा महिने अडून बसला होता, मी एकेक बाटली आणि डबी उजेडात धरून लेबल वाचत होते, सोया सॉसमध्ये गहू निघाला पण तो आम्ही क्वचितच वापरायचो. मग फोडणीच्या डब्याशेजारची हिंगाची पिवळी डबी उलटी केली, बारीक अक्षरात मैदा. रोजच्या वरणात जात होता तो. आता जांभळी नाक्यावरून डिंक आणि तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग लेबल वाचून आणतो, आणि पुढच्या टेस्टला आकडा खाली आला.