एअरपोर्टवर ग्राउंड स्टाफला लागताय? मग ही भाषा आधी कानावरून जाऊ द्या

ग्राउंड स्टाफमध्ये मला आता सहा वर्षं होत आली, तरी पहिल्या दिवसाचं ब्रीफिंग आठवलं की अजून पोटात गोळा येतो. मी कराडची, बारावीपर्यंत मराठी मीडियम, विमानात त्याआधी एकदाही बसलेली नाही. सुपरवायझर मॅडम वॉकी-टॉकी हातात धरून एका दमात म्हणाल्या, "एकशे बहात्तर पॅक्स, तीन इन्फंट, एक यूएमएनआर, दोन डब्ल्यूसीएचआर, एक डब्ल्यूसीएचसी, बे रिमोट आहे, ईटीडी अजून आलेली नाही, चला." सगळे चालायला लागले. मीपण लागले, कुठे ते माहीत नव्हतं.

त्याआधी सहा महिन्यांचा कोर्स केलेला, बऱ्यापैकी फी भरून. तिथे अंबाडा कसा घालायचा, लिपस्टिक कुठल्या शेडची हे छान शिकवलं, आणि शब्दांची एक झेरॉक्स दिली. ती मी तोंडपाठ केली होती. पण काउंटरवर कोणी "नो-शो म्हणजे काय" असं विचारत नाही हो. तिथे माणूस विचारतो, "मॅडम, जातानाचं तिकीट वापरलंच नाही, बसने आलो, आता परतीचं चालेल ना?" आणि तुम्हाला कळायला पाहिजे की हा माणूस जाताना नो-शो झालाय, म्हणजे तिकीट असून विमानाला आलाच नाही, आणि एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असतील तर बऱ्याच कंपन्यांत पुढचा प्रवास आपोआप रद्द झालेला असतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की शब्दाचा अर्थ पाठ करू नका, तो शब्द टाइप केल्यावर समोरच्या माणसाचं काय होतं ते बघा.

सोपे आधी उरकते. पॅक्स म्हणजे प्रवासी. एसटीडी म्हणजे सुटायची ठरलेली वेळ, ईटीडी म्हणजे आता सुटेल असं वाटतंय ती वेळ. इन्फंट म्हणजे दोन वर्षांच्या आतलं बाळ, त्याला सीट नसते, आईबापाच्या मांडीवर. इथे एक मेख आहे, बाळाला ट्रिपच्या मध्येच दोन वर्षं पूर्ण झाली तर परतीला त्याचं सीटचं तिकीट लागतं, आणि हे आईबापाला परतीच्या काउंटरवरच कळतं, मग जी काय रडारड होते ती बाळाची नसते. यूएमएनआर म्हणजे एकटं प्रवास करणारं लहान मूल, त्याचे कागद हातोहात सह्या घेऊनच पुढे द्यायचे.

पीएनआर सहा अक्षरांचा असतो, ते बुकिंग. तिकीट नंबर वेगळा, तो तेरा आकडी, आणि त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, उदाहरणार्थ एअर इंडियाचे 098. बुकिंग आहे पण तिकीट निघालेलंच नाही असं होऊ शकतं, एजंटने सीट धरून ठेवली आणि पैसे भरले नाहीत की असं होतं. माणूस पीएनआर दाखवून भांडतो आणि त्याचंही चुकत नसतं बिचाऱ्याचं.

बोर्डिंग पासवर सीक्वेन्स नंबर असतो, म्हणजे चेक-इन करणारा तुम्ही कितवा. एक काका सीक्वेन्स 14 बघून चौदाव्या रांगेत जाऊन बसले, त्यांची सीट होती 27 एफ. मागून खरे 14 वाले आले आणि जी काय एसटी स्टँडवरची मजा झाली ती झाली. तेव्हापासून मी पास हातात देताना सीट नंबरला पेनाने गोल करते. तुम्हीपण करा.

आता तीन अक्षरी कोड. मुंबईचं नाव बदलून 1995 पासून इतकी वर्षं झाली, कोड अजून बीओएमच. पुणे पीएनक्यू, नागपूर एनएजी. गोव्याचे मात्र दोन आहेत, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, आणि मडगावला लग्नाला निघालेला माणूस स्वस्त मिळालं म्हणून मोपाचं तिकीट काढून येतो. मोपा पेडण्यात, म्हणजे गोव्याच्या पार उत्तर टोकाला. आपण तिकीट बदलू शकत नाही, पण बॅगेला टॅग लावताना "मोपाला उतरणार, बरं का" एवढं म्हणालो तर तो निदान गाडी तरी नीट सांगतो. आता नवी मुंबईचाही कोड वेगळा आहे, त्यामुळे हा घोळ आपल्याकडेही होणारच.

व्हीलचेअरवर जरा थांबते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथली. कोड तीन. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण जिना चढतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढवत नाही, आत सीटपर्यंत चालतो. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यायला लागतं, आणि विमानातल्या अरुंद वाटेतून जाणारी छोटी खुर्ची वेगळी मागवावी लागते. एक आजी होत्या, मुलगा म्हणाला, "फक्त लाइन मोठी आहे म्हणून व्हीलचेअर पाहिजे, चालते ती." मी टाकलं डब्ल्यूसीएचआर. बे, म्हणजे विमान उभं करायची जागा, निघाला रिमोट, म्हणजे थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारा एअरोब्रिज नाही, बसने जायचं आणि शिडी चढायची. आजी शिडीच्या पहिल्या पायरीशी उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, हे मला नाही व्हायचं." अँब्युलिफ्ट, म्हणजे व्हीलचेअरसकट माणसाला विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी, दुसऱ्या विमानाला लागलेली. ती येईपर्यंत अठरा मिनिटं गेली, सगळे खिडकीतून बघतायत, आणि आजी मलाच धीर देतायत की असू दे गं पोरी.

त्या अठरा मिनिटांना नंबर मिळाला, 19. उशिराचेही कोड असतात आणि उशीर कोणाच्या नावावर पडणार यावरून डिपार्टमेंटांची रोज भांडणं असतात. विमानच मागून उशिरा आलं तर 93, तो सगळ्यांचा लाडका, कारण कोणाची चूक नाही. चेक-इन करून प्रवासी गायब झाला तर 15. व्हीलचेअरवाल्या प्रवाशांमुळे उशीर झाला तर 19, पण कागदावर व्हीलचेअर आली तरी चूक माझी होती हे मला माहीत होतं. आता मी "चालता येतं का" असं विचारतच नाही, त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, "आजी, घरी जिना आहे का? चढता का?"

जेवणाच्या कोडमध्येही एक खड्डा आहे. एचएनएमएल म्हणजे हिंदू मील, आणि ते नॉनव्हेज असतं! बीफ नसतं एवढंच, चिकन-मटण असू शकतं. आपले आईबाबा अमेरिकेला मुलाकडे निघतात, मुलगा हौसेने हिंदू मील निवडतो, आणि चतुर्थीच्या दिवशी आईसमोर चिकन येतं. आपल्यासारखं शाकाहारी पाहिजे तर एव्हीएमएल, जैन पाहिजे तर व्हीजेएमएल. व्हीजीएमएल घेतलं तर व्हीगन, म्हणजे दही-पनीर सगळं गेलं.

ऑफलोड हा शब्द ऐकला की गेटवर सगळ्यांचा चेहरा पडतो. बॅग आत टाकून माणूस विमानात चढलाच नाही तर त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून खाली काढावी लागते, मग भले अर्धा तास जाओ. नवीन मुलं कुरकुरतात, जाऊ दे ना एक बॅग. 23 जून 1985 ला एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, 329 माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती व्हँकुव्हरला चेक-इन झाली होती आणि ती देणारा माणूस विमानात बसलाच नव्हता. मला हे एका जुन्या सरांनी रात्रपाळीला चहा पिताना सांगितलं, त्यानंतर मी कधी कुरकुरले नाही.

ओव्हरबुकिंग म्हणजे सीटपेक्षा जास्त तिकिटं विकणं, काहीजण येत नाहीत हे धरून. सगळेच आले की डिनाइड बोर्डिंग. आधी स्वतःहून थांबायला कोणी तयार आहे का विचारायचं. नाहीच कोणी, तर ज्याला थांबवलं त्याला डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाने भरपाई. तासाभरात दुसरी फ्लाइट दिली तर काही नाही, 24 तासांच्या आतली दिली तर एका बाजूचं मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज याच्या 200 टक्के पण 10,000 रुपयांपर्यंत, त्यानंतरची दिली तर 400 टक्के, 20,000 पर्यंत. हे आकडे पाठ करा, ही एकच गोष्ट पाठ करा म्हणेन मी, कारण समोरचा मोबाइलवर नियम उघडून उभा असतो आणि आपण अडखळलो की संपलं.

डायरेक्ट आणि नॉन-स्टॉप एक नाही हे मला स्वतःच्या वडिलांमुळे कळलं. त्यांनी विचारलं डायरेक्ट आहे ना, मी हो म्हणाले, आणि विमान मध्येच उतरल्यावर त्यांचा घाबरून फोन, "अगं हे कुठलं गाव?" डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर तोच, मध्ये थांबा असू शकतो. कोडशेअर म्हणजे तिकिटावर नाव एका कंपनीचं, विमान दुसरीचं, तेव्हा काउंटर विमानवालीचा शोधायचा. आणि परदेशातून येऊन पुढे देशातल्या देशात जाणाऱ्याला शक्यतो पहिल्याच भारतीय विमानतळावर बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं, टॅग नागपूरचा असला तरी, हे सांगायला विसरलात तर माणूस नागपूरला आणि बॅग मुंबईला.

मग ते येतात बॅगेज डेस्कला, पीआयआर भरायला. म्हणजे बॅग आली नाही किंवा फुटली याची नोंद, ती एअरपोर्ट सोडायच्या आधीच करून घ्यायची. त्यात बॅगेचा रंग आणि प्रकार कोडमध्ये जातो, काळी उभी बॅग म्हणजे बीके22, आणि पट्ट्यावर बघाल तर निम्म्या बॅगा बीके22च वाटतात. म्हणून आत काय आहे ते विचारायचं, आणि "कपडे" या उत्तरावर थांबायचं नाही. एक काकू किती वेळ कपडे, कपडेच म्हणत होत्या. मी म्हटलं, काकू, अजून काय, आठवा. मग म्हणाल्या, नातवासाठी गोधडी आहे, माझ्या नऊवारीची शिवलेली, हिरवी, एका कोपऱ्यात लाल ठिगळ आहे. मी इंग्रजीत "हाताने शिवलेली हिरवी रजई, लाल तुकडा" असं टाकलं. चौथ्या दिवशी दुसऱ्या विमानतळावर टॅग तुटून पडलेल्या बॅगांमधली एक कोणीतरी उघडली, आणि वरच गोधडी होती.