युनिव्हर्सिटीतला स्टाफ का सोडून जातो हे कसं शोधायचं

आधी आकडा काढा. वर्षात गेलेले लोक भागिले सरासरी स्टाफ, गुणिले १००. समजा सुरुवातीला २१० होते, शेवटी १९०, म्हणजे सरासरी २००, आणि गेले २४, तर टर्नओव्हर (म्हणजे लोक सोडून जाण्याचं प्रमाण) आला १२ टक्के. पण नुसत्या १२ टक्क्यांवरून काही कळत नाही हो, त्यातले रिटायर झालेले आणि कॉन्ट्रॅक्ट संपलेले बाजूला काढा, मग विभागवार बघा, उरलेल्या १५ पैकी ९ जण एकट्या परीक्षा विभागातले निघाले तर सगळ्यांसाठी योगा सेशन ठेवून काय उपयोग?

आता कारण. एक्झिट इंटरव्ह्यू (नोकरी सोडताना घेतात ती मुलाखत) जाणाऱ्याच्या साहेबाने घेऊ नये, कारण त्याला साहेबाकडूनच अनुभवाचं पत्र हवं असतं, तो 'घरगुती कारण' लिहून मोकळा होणार. दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी दोन-तीन महिन्यांनी फोन करावा, आणि 'का सोडलं' असं न विचारता 'दुसरीकडे अर्ज करावा असं पहिल्यांदा कधी वाटलं' असं विचारावं. मग खरं बाहेर येतं, प्रमोशनची फाईल अडकली होती, किंवा ऐन रिझल्टच्या वेळी दोघांचं काम एकट्यावर पडलं होतं.

जे टिकून आहेत त्यांनाही विचारा. मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांचा १९८५ चा जॉब सॅटिस्फॅक्शन सर्व्हे (कामातलं समाधान मोजणारा फॉर्म) चांगला आहे, ३६ वाक्यं, ९ बाबी (पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी वगैरे). यातली निम्म्याहून जास्त वाक्यं उलटी लिहिलेली आहेत (म्हणजे 'पटतं' म्हटलं की नाराजी दिसते), मार्क मोजताना ती फिरवायची राहिली की सगळा हिशोब बोंबलला. आणि चार जणांच्या ऑफिसचा रिझल्ट वेगळा दाखवू नका, कोणी काय लिहिलं ते सगळे ओळखतात.

उपाय ठरवताना मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचं १९५९ चं म्हणणं लक्षात ठेवा: पगार, नियम, साहेब नीट नसले तर माणूस वैतागतो, पण ते नीट केल्याने खूश होतोच असं नाही, त्यासाठी काम, जबाबदारी, कौतुक लागतं. सगळ्यांना हे पटलेलं नाही, पण ऑफिस स्टाफला लागू पडतं असं माझं मत. प्रोफेसरचा पेपर छापून आला की अभिनंदनाचा मेल फिरतो, क्लार्कचं नाव मात्र मार्कशीट चुकली की निघतं. छोटे निर्णय त्यांच्यावर सोडा, पगारवाढीइतका खर्च येत नाही.

रिझल्ट महिनाभरात स्टाफला दाखवा, सोबत लगेच होणारी एखादी गोष्ट करून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी फॉर्म कोणी भरणार नाही.