म्हातारं मांजर घरात आहे? मग घर थोडं खाली आणा

कुत्र्याचा पाय दुखला तर तो लंगडतो, कण्हतो. मांजर मुकाट्याने उड्या मारायचं सोडून देतं आणि आपण म्हणतो, 'वय झालं, शांत झालंय.' बहुतेक वेळा ती शांतता नसते, सांधेदुखी असते.

सुरुवात मोबाईलपासून करा. मांजर पलंगावर चढताना, जिना उतरताना व्हिडिओ काढा. दवाखान्यात ते टेबलावर अंग चोरून बसतं, त्यामुळे डॉक्टरांना चाल दिसतच नाही. दहा-अकरा वर्षांपुढे वर्षातून दोनदा तपासणी हवी. किडनी, थायरॉइड आणि रक्तदाबही बघून घ्या. घरातली वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

मग लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी वाळू भरलेला ट्रे. बाहेर घाण केली म्हणून मांजराला ओरडा बसतो, पण अडचण बहुधा ट्रेच्या उंच काठाची असते. जुना पसरट प्लास्टिकचा टब घ्या, एका बाजूला जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर खाच कापा आणि कापलेली कड घासून तिच्यावर जाड टेप लावा. वाळू बारीक घ्या आणि थर बेताचाच ठेवा. खोल वाळूत पाय रुततात, तोल जातो. ट्रे बाल्कनीत असेल तर सरकत्या दाराची पट्टी ओलांडणंही जड जातं, म्हणून एक ट्रे झोपायच्या जागेजवळ ठेवा. घर दुमजली असेल तर दोन्ही मजल्यांवर.

आपल्या गुळगुळीत टाइल्स म्हाताऱ्या पायांच्या वैरी. जुनी योगा मॅट कापून पलंग, ट्रे आणि वाटी यांच्यामध्ये पट्ट्या अंथरा. पलंगाशी आधी पाट, मग चौरंग अशा पायऱ्या करा. दोन्ही डगमगता कामा नयेत, कारण एकदा घसरलेलं मांजर तिकडे पुन्हा फिरकत नाही.

वाटी उपड्या डब्यावर ठेवली की मान फार वाकवावी लागत नाही. खाणं कोमट केलं तर वास येतो, भूक चाळवते. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका. उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं.

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी बघा. खरवडणं कमी झालं की ती जाड होतात आणि वळून थेट पंजाच्या मऊ गादीत रुततात. पंजा हलकेच दाबा, नख बाहेर येईल. फक्त टोक कापा, आतल्या गुलाबी भागाला कात्री लागू देऊ नका. कंबरेवर जीभ पोचत नसल्यामुळे तिथले केस मऊ ब्रशने तुम्हीच विंचरा. गुंता झालाच तर कात्री नको, तिथली कातडी फार पातळ असते.

आणि मागचे पाय अचानक लुळे पडले, गार लागले, मांजर किंचाळू लागलं, तर ते म्हातारपण नव्हे. पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असू शकते. रात्र असो, सुट्टी असो, उघडा असेल तो दवाखाना लगेच गाठा.