लांब शॉकअप बसवले? आधी ब्रेकचा होज बघा
म्हापशाहून जैसलमेरच्या वाळूत पिकअप न्यायचा बेत असेल, तर लाँग-ट्रॅव्हल सस्पेन्शन (लांब शॉकअपमुळे चाक जास्त वर-खाली होऊ देणारं) बसवल्या बसवल्या रस्त्याला लागू नका. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, भक्कम स्टँडवर घ्या, पुढची चाकं पूर्ण लोंबकळू द्या आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. ब्रेकचा रबरी होज, म्हणजे चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी नळी, तारेसारखा ताणला गेला तर लांब होज घालाच, इथे पैसे वाचवू नका. टेकाडावरून गाडी उडाली की चाक असंच पूर्ण खाली लोंबतं, आणि होज तुटला तर ब्रेक गेला. अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, कुठे घासतंय का, तेही बोटाने चाचपा. सरावाला मोरजीच्या किनाऱ्यावर मात्र गाडी घालू नका. गोव्यात ते बेकायदा आहेच, शिवाय त्या वाळूत कासवं अंडी घालतात.